झाकलेली खिरापत

डोंगराच्या कुशीत, जिथे ढग दुपारचं पाणी प्यायला खाली उतरतात, तिथे सोनकोंड नावाचं एक इवलंसं गाव होतं. पाऊस ओसरला की गावामागचा डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळाधमक व्हायचा. ओढ्याकाठी तेरड्याची गुलाबी फुलं दाटीवाटीने हसायची, आणि सकाळी गवताच्या पात्यापात्यावर दवबिंदू मोत्यांसारखे डोलायचे. इतकं देखणं गाव! पण नेमक्या त्याच दिवसांत डोंगरावरून धुकं उतरायचं आणि धुक्यासोबत खोकला यायचा. मोठ्यांना थोडा, लहानांना फार.

सगळ्यात जास्त खोकायची चिमी.

चिमी म्हणजे हौसाची धाकटी बहीण. चिमणीएवढी. खोकली की तिचे इवलेसे खांदे गदागदा हलायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. त्यांचे वडील नव्हते. आई लोकांच्या घरी भात कांडायला जायची आणि संध्याकाळी पदरात थोडी कणी घेऊन यायची. त्या कणीची पेज, आणि पेजेत मिठाचा खडा. हौसा आपल्या वाट्यातली अर्धी पेज चिमीच्या वाटीत ओतायची आणि म्हणायची, "माझं पोट भरलं बाई!" तिचं पोट रिकामंच असायचं.

नवरात्र लागलं. घरोघरी मुलींचे भोंडले सुरू झाले. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत. खिरापत म्हणजे खाऊ, पण तो झाकून आणायचा. आत काय आहे ते ज्या घरचा भोंडला तिने सांगायचं नाही, बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखता आलं नाही की घरचीचा मान मोठा!

उद्या भोंडला हौसाकडे होता आणि घरात खिरापतीला दाणासुद्धा नव्हता.

"आई, मी डोंगरावर जाते," हौसा म्हणाली. "मध मिळाला तर बघते. चिमीलाही होईल, खिरापतीलाही होईल."

"जपून जा गं. करवंदीच्या जाळीत शिरू नकोस."

पण मध शोधता शोधता हौसा शिरली ती नेमकी करवंदीच्या जाळीतच. आणि तिथे, हिरव्याकाळ्या काट्यांच्या मधोमध, तिला एक लुकलुकता उजेड दिसला.

ती परी होती. अंगठ्याएवढी. अंगात गुलबक्षी रंगाचा झुळझुळीत झगा, केसांत जाईची एकच कळी, आणि पंख असे की त्यातून पलीकडचं आभाळ दिसावं. एका पंखात काटा आरपार रुतला होता.

हौसाने हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. "परीबाई, काटा काढू का? दुखेल थोडं. पंख फाटेल की काय तेही मला सांगता यायचं नाही. काढू?"

परीने ओठ घट्ट मिटून होकारार्थी मान डोलावली. हौसाने काटा हळूच काढला. पंखातून सोनेरी धुळीचा एक कण उडाला, आणि परी भिरभिरत तिच्या तळहातावर येऊन बसली.

"हात लावण्याआधी विचारलंस मला," परी म्हणाली. तिचा आवाज छोट्याशा घंटेसारखा होता. "वाटसरू आले होते दोन. एकाने न विचारता ओढायला सुरुवात केली, दुसरा म्हणाला, जाऊ दे, परी तर आहे. तू गुणाची आहेस. माग, काय हवं?"

"आमच्या चिमीचा खोकला जाऊ दे."

परीने फुलाफुलांवरचे दवबिंदू टिपले, सोनकीचा मध घातला, आपल्या पंखांवरची चिमूटभर चमक मिसळली. बोरीच्या बीएवढी एक काचेची कुपी सोनेरी उजेडाने भरून गेली.

"पण ऐक बाळ," परी गंभीर झाली. "हे औषध नवं आहे. पाखरांचा खोकला याने गेलाय. माणसाच्या मुलांचं काय होईल ते मला ठाऊक नाही. एका सुगरणीने घेतलं आणि तिचा खोकला गेला, पण पुढे ती घरटं विणायला चुकीच्या रंगाच्या काड्या आणू लागली. म्हणून ज्याला देशील त्याला आधी सगळं सांग. चांगलं सांग तसं वाईटही सांग. जे मला ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असं सांग. त्याने हो म्हटलं तरच दे. लहान असेल तर त्याच्या आईलाही विचार. आणि कुणी नाही म्हटलं, तर नाही म्हणजे नाही. त्यावर रुसायचं नाही, गोड बोलून वळवायचं नाही."

"एवढंच ना?" हौसा आनंदाने उड्या मारत म्हणाली, आणि कुपी ओंजळीत झाकून खाली धावली.

बाजाराच्या तोंडाशी गुलाबशेठचं दुकान होतं. लाल, निळ्या, जांभळ्या बाटल्यांनी भरलेलं, इंद्रधनुष्य फळीवर मांडून ठेवावं तसं. शेठच्या कानात अत्तराचा फाया असायचा आणि तोंडात खडीसाखर. बाटल्यांमध्ये बहुतेक गुळाचं पाणीच असायचं.

"अगं हौसाबाय, ओंजळीत काजवे धरलेस की काय?" शेठने हाक मारली.

हौसाला खोटं बोलता येत नव्हतं. निदान तोपर्यंत तरी येत नव्हतं. तिने सगळं सांगून टाकलं.

शेठने खडीसाखर या गालातून त्या गालात फिरवली. "म्हणजे नवं औषध. कुणी घेतलेलं नाही. आणि पहिल्यांदा देणार कुणाला? सख्ख्या बहिणीला!"

हौसा थबकली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वेडी का खुळी तू? काही झालं म्हणजे चिमीला? शहाणी माणसं काय करतात माहीत आहे? आधी दुसऱ्यांवर बघतात. बरं झालं, तर मग आपल्या माणसाला. उद्या भोंडला तुमच्याकडेच ना?"

"हो. पण खिरापतीला घरात काहीच..."

"ही घे." शेठने कागदात खोबरं बांधलं, गूळ बांधला, पंढरपुरी डाळं बांधलं. "खिरापत झाकलेलीच असते. कोण विचारतंय आत काय आहे? सगळ्या पोरी खोकतायत, बऱ्या होतील बिचाऱ्या. आणि पहिला घास त्या ठकूला दे. तिला ना आई, ना बाप. काही झालंच, तर भांडायला येणार कोण? बदल्यात माझं काही म्हणणं नाही. अर्धी कुपी तेवढी माझ्या बाटलीत ओत. नाहीतर तुझ्याकडून सांडेल."

परीने सांगितलेलं हौसाला शब्द न् शब्द आठवत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे चिमीचे हलणारे खांदे होते. तिने कुपी तिरकी केली. अर्धा उजेड शेठच्या बाटलीत गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या मुली जमल्या. ठकू सगळ्यांच्या आधी आली. ठकूला घर नव्हतं. गंगूमावशीच्या पडवीत ती झोपायची आणि गावभर रांगोळ्या काढायची. सोनकोंडात ठकूसारखा हत्ती कुणालाच काढता येत नसे. तिने पाटावर राखाडी हत्ती काढला, त्याला केशरी झूल घातली, झुलीला हिरवे मोर, मोरांना निळ्या माना, आणि सोंडेत एक लालचुटूक कमळ.

"हौसे, तुझ्या घरचा आहे म्हणून मोर जास्त घातलेत हां," ती हसून म्हणाली आणि मनगटाने नाक पुसताना गालाला रंग लावून बसली.

फेर झाला. खोकत खोकत गाणी झाली. हौसाने झाकलेलं पातेलं मधे आणून ठेवलं.

"गोड की तिखट?" सगुणी नावाच्या मुलीने विचारलं. ती फार चोंबडी होती.

"गोड!"

"खोबरं!" "गूळ!" "डाळं!" मुली ओरडल्या. सगळं ओळखलं त्यांनी.

"अजून काहीतरी आहे," सगुणी खाली वाकून म्हणाली. "झाकणाच्या फटीतून उजेड येतोय बघा. हौसा, काय गं आहे आत?"

हौसाचं तोंड उघडलं. परीचे शब्द जिभेवर आले होते. पण ती म्हणाली, "काही नाही. समईचा उजेड पडतोय."

आणि तिने पहिली मूठ ठकूच्या ओंजळीत घातली. चिमीला म्हणाली, "तुला खोकला आहे ना, तुला नंतर."

सकाळी सोनकोंड चकित झालं. घरोघरी मुली खोकल्याविना उठल्या. सगुणी तर अंगणात मुद्दाम खोकून बघत होती आणि खोकला येत नव्हता. हौसाचं मन पिसासारखं हलकं झालं. आता चिमीला द्यायचं! कुपी घेऊन ती निघाली, तेवढ्यात तिला ठकू दिसली. तुळशीपुढे रांगोळीच्या वाट्या घेऊन ती नुसती बसून होती.

"हौसे, इकडे ये. आज झेंडूंना काय झालंय गं? राख फासलीय का कुणी?"

झेंडू केशरी होते. नुकते उमललेले, उन्हात पेटल्यासारखे.

"आणि माझ्या वाट्यांतली रांगोळी कुणी बदलली? सगळीकडे राखच भरलीय."

हौसाला परीचं बोलणं आठवलं. सुगरण. चुकीच्या रंगाच्या काड्या.

"धुकं आहे म्हणून तसं दिसत असेल," ती म्हणाली.

धुकं नव्हतंच. आभाळ निळंभोर होतं.

त्या संध्याकाळी भोंडला सगुणीकडे होता. ठकूने अंदाजाने हत्ती काढला. हत्ती हिरवा झाला, मोर लाल झाले आणि कमळ निळं.

"अगं बाई, हत्तीला शेवाळ आलं!" सगुणी ओरडली. मुली पोट धरधरून हसल्या. ठकू काही न कळून एकेकीच्या तोंडाकडे बघू लागली.

आणि आपण गप्प राहिलो तर कुणाला संशय येईल, म्हणून हौसाही हसली.

घरी आल्यावर तिने चूळ भरली, पण ते हसू तोंडातून जाईना. आईने पेज वाढली. ती गिळवेना. कुपी तिने मडक्यांच्या उतरंडीमागे लपवली. चिमी खोकत होती. पण आता ते औषध चिमीला द्यायचा धीर तिला होत नव्हता. ठकूला देताना धीर बरा झाला होता! हा विचार आला आणि हौसाला वाटलं, आपण चुलीत शिरावं.

गुलाबशेठला मात्र कसलीच लाज नव्हती. आठवडी बाजाराच्या दिवशी त्याने पिपाणी वाजवली. अर्ध्या कुपीत घागरभर गुळाचं पाणी घालून त्याने बाटल्या भरल्या होत्या आणि प्रत्येक बाटलीला लाल रिबीन बांधली होती.

"हौसाबाय, वर चौरंगावर ये." त्याने तिला एक नवाकोरा परकर दिला, मोरपिशी, जरीकाठाचा. "घाल हा. आणि सांग लोकांना, सगळ्या मुली बऱ्या झाल्या, कुणाला काही झालं नाही. एवढंच सांगायचं."

"पण ठकूला..."

"ठकू धरून सांगायचं नसतं गं. धंद्यात चांगलं तेवढं मोजायचं."

हौसा चौरंगावर उभी राहिली. परकर अंगाला टोचत होता. समोर सगळं गाव होतं. आई होती, आईच्या कडेवर खोकणारी चिमी होती.

"सगळ्या मुली बऱ्या झाल्या," हौसा पुटपुटली.

"मोठ्याने!" शेठ म्हणाला.

"सगळ्या मुली बऱ्या झाल्या. कुणाला..."

"हौसे!" गर्दीतून आवाज आला. ठकू होती ती. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "एवढं चांगलं औषध आहे, तर चिमी अजून का खोकते? तिला का नाही दिलंस?"

बाजार गप्प झाला. चिमी तेवढी खोकली.

हौसाचे कान तापले, गाल तापले, तळपाय तापले. मान वर होईना. ती परकराच्या काठाकडे बघत बोलू लागली.

"कारण तुला काय झालं ते मला माहीत होतं. खिरापतीत औषध मी घातलं. काय होईल ते ठाऊक नव्हतं. परीने विचारायला सांगितलं होतं आणि मी विचारलं नाही. पहिली मूठ तुला दिली, कारण तुझ्यासाठी भांडायला कुणी येणार नाही असं... असं मला वाटलं. झेंडू केशरीच आहेत, ठकू. त्यांना काही झालेलं नाही. तुझे रंग माझ्यामुळे गेले. आणि त्या दिवशी मीसुद्धा हसले."

मग गुलाबशेठ हसला. "पोरकटपणा! अहो, सगळ्यांचा खोकला गेला. एका पोरीला हिरवं-पिवळं दिसत नाही, तेवढ्यासाठी काय एवढं? जीव तर नाही ना गेला?"

आणि सांगायला वाईट वाटतं, पण बाजारातल्या काही माणसांनी माना डोलावल्या. त्यांच्या मुली बऱ्या झाल्या होत्या ना!

तेव्हा सगुणीची आई पुढे आली. "शेठ, माझी पोर बरी झाली. पण तिच्या पोटात काय गेलं, ते मला विचारलं होतं? ठकूच्या जागी ती असती तर? आणि तुमची पोर कुठे आहे? तिला पाजलंत का हे?"

शेठच्या गालातली खडीसाखर फिरायची थांबली. त्याची मुलगी दुकानाच्या माडीवर खोकत होती. सगळ्यांना ऐकू येत होतं.

लोकांनी बाटल्या परत ठेवल्या. पण ठेवता ठेवता बऱ्याच जणांच्या नजरा खाली गेल्या होत्या. ठकूकडे कुणालाच बघवत नव्हतं. हौसाच्या आईने पदर तोंडाला लावला होता. "माझ्या घरच्या खिरापतीत," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माझ्या घरच्या खिरापतीत गं!"

ठकू वळली आणि निघून गेली.

हौसाने परकर काढून शेठच्या चौरंगावर ठेवला. स्वतःचा ठिगळाचा परकर नेसली आणि डोंगर चढून गेली. सोनकी तशीच पिवळीधमक होती. पण परी एका पाकळीवर पंख मिटून बसली होती आणि तिचा उजेड विझत आलेल्या पणतीएवढा झाला होता.

"मला सगळं कळलं," परी म्हणाली.

"मला शिक्षा करा."

"शिक्षेने ठकूला झेंडू दिसतील का? आणि चूक एकट्या तुझी नाही. नवं औषध एका मुलीच्या ओंजळीत टाकलं आणि मी खुशाल झोके घेत बसले. तुझ्याबरोबर यायला हवं होतं मी. मलाही मान वर करवत नाही बघ."

मग परीने पंख झटकले. कुठे चुकलं ते ती शोधू लागली. मध चाखला, दव हुंगलं, आणि शेवटी तिला कळलं. पंखांवरची चमक जास्त पोटात गेली की रंग पुसले जात, आणि पहिल्या मुठीत तीच जास्त आली होती. तिने चमक वगळून चिमीसाठी नुसत्या दव-मधाची कुपी भरली. आणि ठकूसाठी सात रंगांच्या सात पाकळ्यांचा एक थेंब काढला.

"हाही नवाच आहे," ती म्हणाली. "रंग परत येतील असं मला वाटतं. पण ते वाटणं आहे. ठकूला तसंच सांग."

ठकू गंगूमावशीच्या पडवीत बसली होती. हौसाने दारातूनच सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वगळता.

ठकूने ऐकून घेतलं. "नको."

"अगं पण रंग..."

"नको म्हटलं ना! तुझ्या हातचं मी काही खायची नाही." ती उठली आणि तरातरा विहिरीकडे गेली.

पडवीत हौसा एकटी उरली. समोर ठकूचं पाण्याचं मडकं होतं. झाकण बाजूला सरकलेलं. एकच थेंब! पाण्यात टाकला की कुणाला कळणारही नाही. ठकू येईल, पाणी पिईल, सकाळी उठेल तर झेंडू केशरी. किती आनंद होईल तिला! आणि या वेळी तर फक्त तिच्या भल्यासाठीच. हौसाचा हात मडक्यावर गेला.

थेंब कुपीच्या तोंडाशी आला. सात रंगांत लुकलुकला.

हौसाने तो मागे घेतला. मडक्यावर झाकण नीट बसवलं आणि ती बाहेर अंगणात जाऊन बसली.

ठकू घागर घेऊन आली. "अजून इथेच?"

"हो. जाऊ?"

"राहायचं तर राहा. बोलायचं नाही."

हौसा बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही ती आली. ठकू रांगोळीच्या वाट्या चाचपत होती, म्हणून हौसाने हळकुंड आणून एका वाटीपाशी ठेवलं, कडुनिंबाचं पान दुसरीपाशी, कुंकवाचा करंडा तिसरीपाशी, गोकर्णीचं निळं फूल चौथीपाशी. ठकूने एकेक हाताने ओळखलं आणि रांगोळी काढली. सगुणी आली, खाली वाकून तिने बघितलं आणि या वेळी हसली नाही. "मोराची मान निळी झालीय, ठकूताई," ती हळूच म्हणाली. "छान झालीय."

असे बरेच दिवस गेले. हौसाने थेंबाचं नावसुद्धा काढलं नाही. मग एका सकाळी ठकूनेच विचारलं, "दुखेल का गं?"

"माहीत नाही."

"दिसायचंच बंद झालं तर?"

"परी म्हणते, होणार नाही असं वाटतं. नक्की तिलाही ठाऊक नाही."

"आणि जिभेवर घेतल्यावर नको वाटलं तर?"

"थुंकून टाक. कुणी रागावणार नाही."

"आणि घेतलंच नाही तर?"

"तर मी वाट्यांपाशी पान ठेवायला रोज येईन."

ठकूने बराच वेळ विचार केला. "मी परीच्या तोंडून ऐकणार. तुझ्यावर माझा भरवसा नाही."

"बरोबर आहे," हौसा म्हणाली. तिला ते फार लागलं, पण बरोबरच होतं.

डोंगरावर सगळ्या गेल्या. हौसा, ठकू, कडेवर चिमीला घेतलेली आई, आणि न बोलावता सगुणी. परीने ठकूसमोर हात जोडले, झाल्या चुकीची माफी मागितली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ठकूने तेच तेच प्रश्न पुन्हा विचारले. परीने प्रत्येकाचं उत्तर दिलं, न कंटाळता.

"हो," ठकू म्हणाली. "आता घेते."

थेंब तिच्या जिभेवर पडला. काहीच झालं नाही. ठकूने डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग ती एकदम खाली बसली आणि गवतातल्या सोनकीच्या फुलाला बोट लावून म्हणाली, "हे... हे पिवळं आहे!"

पिवळ्यामागून हिरवं आलं. तेरड्याचं गुलाबी आलं, आभाळाचं निळं आलं, सगुणीच्या बांगड्यांचं लाल आलं. ठकू एकेकाला हात लावत पळत सुटली आणि मोठमोठ्याने रडू लागली. हौसाही रडली, पण लांब उभी राहून.

मग परी चिमीजवळ गेली. आईला सगळं समजावलं. आईने विचारून विचारून घेतलं आणि हो म्हणाली. "आणि तुला गं चिमुताई? घ्यायचं का?" परीने विचारलं.

"कडू आहे?"

"गोड आहे."

"मग दोन थेंब द्या," चिमी म्हणाली.

तिला एकच मिळाला. घरी पोचेपर्यंत खोकला निम्म्यावर आला आणि आठवड्याभरात पार गेला. पण ते पुढचं. त्या क्षणी परी हौसाच्या खांद्यावर येऊन बसली होती.

"मडक्यावर झाकण बसवलंस ना, ते मी पाहिलं," ती कानात म्हणाली. "त्याबद्दल तुला एक इच्छा देते. माग."

हौसाला नवा परकर आठवला नाही, की पेजेची वाटी आठवली नाही. ती म्हणाली, "इथे छातीत जे टोचतंय ना, ती लाज घेऊन जा."

परीने तिच्या गालाला इवलासा हात लावला. "थोडी नेते. झोप लागेल, पेज गिळवेल एवढी नेते. सगळी नाही नेणार बाळ. गुलाबशेठकडे बघ ना, त्याच्याकडे ती अजिबातच नाही. उरलेली तुझ्याजवळ राहू दे."

मग तिने पंख पसरले. या डोंगरावरच्या सोनकीत दरवर्षी चिमीच्या औषधाचा मध धरेल, तो कुणाच्याही मालकीचा नसेल आणि कुणी विकला तर त्याचं पाणी होईल, एवढं सांगून ती वर उडाली. खाली बाजारात गुलाबशेठच्या बाटल्यांतला उरलासुरला उजेड त्याच घटकेला विझला. वर आभाळात परी आधी पणतीएवढी झाली, मग चांदणीएवढी, मग सारा डोंगर सोन्याच्या पाण्यात बुडवून काढावा तसा लखलखला, आणि परी दिसेनाशी झाली.

उजेड ओसरल्यावर आई चिमीला घेऊन उतरू लागली. सगुणी बडबडत तिच्यामागे गेली. ठकू डोळे पुसत हौसाजवळ आली.

"मी अजून रागावलेली आहे तुझ्यावर."

"हो," हौसा म्हणाली.

"उद्यासुद्धा रागावणार आहे."

"हो."

ठकूने परकराला लागलेलं गवत झटकलं आणि ती चालायला लागली. चार पावलांवर थांबली. मागे वळून म्हणाली, "मग उभी काय राहिलीस? चल. भूक लागलीय."

आणि हौसा तिच्या मागोमाग निघाली.